शेवट ठाऊक असूनही: 'द रोझ ऑफ व्हर्साय'

फ्रेंच राज्यक्रांतीत राणी मारी आंत्वानेत गिलोटिनवर जाते, बास्तीयचा तुरुंग पडतो. इतिहासाचं पुस्तक नुसतं चाळलेल्यालाही हे ठाऊक असतं. म्हणजे रहस्य शून्य. तरी रियोको इकेदांची ही मांगा (जपानी चित्रकथा) हातात घेतली की माझी बाकीची कामं तशीच पडून राहतात.

ही मालिका १९७२-७३ मध्ये 'मार्गारेट' या मुलींच्या जपानी साप्ताहिकात आली, तेव्हा इकेदा पंचविशीत होत्या. नायिका खरं तर राणी. तिच्या संरक्षणाला असलेली ऑस्कर हे काल्पनिक पात्र: घराण्याला मुलगा हवा म्हणून सेनापती बापानं हाती तलवार देऊन वाढवलेली धाकटी लेक. वाचकांनी तिलाच डोक्यावर घेतलं आणि बघता बघता गोष्ट तिची झाली.

सुरुवातीचा भाग थोडा सोसावा लागतो, आधीच सांगते. डोळ्यांत चांदण्या, पानोपानी गुलाब, ऑस्करला बघून मूर्च्छा येणाऱ्या दरबारी बायका आणि मध्येच पोरकट विनोद. पण त्यातच मादाम द्यु बारीचं प्रकरण येतं. राजाच्या (मारीच्या आजेसासऱ्याच्या) या रखेलीशी मारी अवाक्षर बोलत नाही, आणि रिवाज असा की वरच्या मानाच्या बाईनं तोंड उघडल्याशिवाय खालचीनं बोलायचं नाही. व्हर्सायच्या राजवाड्यात अख्खा दरबार कान टवकारून. शेवटी वरून दबाव येतो आणि मारी म्हणते, "आज व्हर्सायमध्ये बरीच गर्दी आहे." संपलं! १७७२ च्या नववर्षदिनी हे वाक्य खरोखरच बोललं गेलं होतं. एवढ्याशा वाक्यावर इकेदा जो ताण उभा करतात, तो पुढच्या लढायांनाही साधलेला नाही.

मला ही मालिका टिकाऊ वाटते ती यातली माणसं वयानं वाढतात म्हणून. ऑस्कर एका रात्रीत क्रांतिकारक होत नाही. गरीब रोझालीच्या घरी ती सवयीनं चॉकलेट मागते आणि समोर येतं भाजीचं पातळ सूप. तिथे तिला पहिल्यांदा कळतं की पॅरिस काय खाऊन जगतंय. तिचा चेहराही पुढे पुढे बदलतो: बाहुलीसारखा गोलवा जातो, हनुवटी लांबते, नजर थकते. आणि आंद्रे! लहानपणापासून सावलीसारखा तिच्यामागे असलेला हा नोकर फक्त गोड प्रियकर नाही. त्याच्या प्रेमात हक्काची एक भीतीदायक छटा आहे आणि इकेदांनी ती झाकलेली नाही.

बास्तीय पडतं त्या १४ जुलै १७८९ नंतरचा भाग मात्र मला घाईत उरकल्यासारखा वाटतो. ऑस्कर गेल्यावर पानांतला जीवच जातो; राणीच्या तुरुंगातल्या दिवसांना अजून जागा हवी होती.

इंग्रजी आवृत्ती पाच जाड, कडक बांधणीच्या खंडांत आहे. उजवीकडून डावीकडे वाचायची. पडून वाचताना मनगट दुखतं. १९७९ ची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका सुंदर आहे, पण जास्त उदास. २०२५ चा चित्रपट आधी बघू नका, एवढा पसारा दोन तासांत कोंबताना रोझालीसारखी माणसं बाजूला पडतात. आणि पाचही खंड एकदम घेणं जमत नसेल तर निदान पहिले दोन सोबत घ्या. नुसत्या पहिल्यावरून मत बनवलंत तर गुलाबच लक्षात राहतील.