यंत्राने ‘नाही’ म्हटलं तर? एस्टोनिया, डेन्मार्क, केनिया आणि आपण

नगरपालिका किंवा पतसंस्था सेवा ऑनलाइन करायला बसली की कुणीतरी एस्टोनियाचं नाव काढतंच. कुठल्याही देशाचा नमुना उचलण्याआधी एक गोष्ट पाहा: यंत्राने माणसाला ओळखलं नाही, तर त्याचं काम त्याच दिवशी होतं का?

एस्टोनियात 2002 पासून चिपचं ओळखपत्र आहे. लॉगिनला चार आकडी पिन, सहीला पाच आकडी. आपली माहिती कोणत्या कार्यालयाने उघडली, हे नागरिकाला स्वतः पाहता येतं. तिथून काही घ्यायचंच तर हे घ्या. 2005 पासून मतदान ऑनलाइन आहे, पण मतपत्रिकाही चालू आहे, आणि एकाने दोन्हीकडे मत दिलं तर कागदावरचं धरतात. 2017 मध्ये चिपमध्येच दोष निघाला आणि साडेसात लाखांच्या आसपास कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं, म्हणजे ज्यांवर लॉगिन आणि सही चालते ती, थांबवावी लागली. साधारण तेरा लाख वस्तीच्या देशाने ते निभावलं.

डेन्मार्कने सरळ सक्ती केली. 1 नोव्हेंबर 2014 पासून पंधरा वर्षांवरच्या नागरिकांची सरकारी पत्रं डिजिटल पेटीत येतात. मात्र सूटही नियमातच आहे: अपंगत्व असेल, घरी संगणक नसेल, तर पालिकेच्या सेवा केंद्रात अर्ज करायचा. वडिलांची पेटी वाचायची रीतसर परवानगी मुलीला मिळते, म्हणजे पासवर्ड चिठ्ठीवर लिहून फिरवावा लागत नाही. स्मार्टफोन नसलेल्याला लॉगिनचा कोड दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, दृष्टिहीनाला कोड बोलून सांगणारं. तरी कागदाची वाट अरुंद होतेच; 2025 अखेर पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने तिथलं पत्रवाटप बंद केलं.

आपल्याकडे पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबारच्या टेंभलीत दिला गेला. एवढा पसारा यातल्या कुणाचाच नाही. पण रेशन दुकानात उभं राहून पाहा. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीत झिजलेलं बोट ई-पॉसवर, म्हणजे दुकानातल्या ठसा घेणाऱ्या यंत्रावर, ठेवलं की ठसा जुळत नाही. बोट पुसा, दुसरं ठेवा. मग डोळ्याचं स्कॅनर, असेल तर. मग ओटीपी, तो जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. शेवटी अपवादाची वही, जिच्यात ठसा न जुळलेल्याची हाताने नोंद करून धान्य द्यायचं. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, अशी केंद्राची सूचना 2017 पासून आहे. पण वहीतल्या नोंदीचा जाब आपल्याला द्यावा लागेल असं दुकानदाराला वाटलं, की तो ‘उद्या या’ म्हणतो. मजुराची एक दिवसाची मजुरी बुडाली. दोष ठशाच्या तंत्रात कमी आणि वहीला दिलेल्या दुय्यम स्थानात जास्त.

केनियाचं थोडक्यात: 2007 चं एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, बटणाच्या फोनवर चालतं आणि रोख पैसे कोपऱ्यावरचा एजंट देतो. तिथल्याच हुदुमा नंबर या ओळखपत्र योजनेला न्यायालयाने 2021 मध्ये बेकायदा ठरवलं, कारण माहितीच्या सुरक्षिततेवरचा परिणाम आधी तपासला नव्हता.

तुमचे लाभार्थी अंगमेहनतीचे असतील तर ठसा हा एकमेव मार्ग ठेवू नका. डेन्मार्कची सूट आणि केनियाचा साधा फोन आधी घ्या, एस्टोनियाचं कार्ड नंतर पाहू. पुरवठादाराच्या करारात तीन कलमं हवीत: ठसा न जुळल्यास पुढचा मार्ग, त्याला लागणारी मिनिटं, आणि अपवादांचा महिन्याचा आकडा जाहीर करणं. चाचणी जुलैत घ्या, ओले हात आणि गेलेली वीज असताना. फेब्रुवारीत सगळंच चालतं.