बुडापेस्टची पार्लमेंट टूर: बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका

मागे बुडापेस्टला गेलो होतो तेव्हा पार्लमेंटची टूर केली आणि दुसऱ्या दिवशी एका लोकल गाईडबरोबर पायी फिरलो, दोन्हीबद्दल एकत्रच लिहितोय कारण एकाशिवाय दुसरं अर्धवट वाटतं.

टूर साधारण ४५ मिनिटांची, कानात ऑडिओ गाईड. तिकीट आधी ऑनलाइन काढा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही, आणि युरोपियन युनियनवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त पैसे पडतात. ९६ मीटर उंच घुमट, त्याखाली हंगेरीचा पहिला राजा संत इस्तवान याचा मुकुट, तिथे फोटो काढायचा नाही. भारीच आहे सगळं. पण मी रमलो ते सभागृहाबाहेरच्या पॅसेजमध्ये, तिथे खिडकीपाशी पितळेचे सिगार ठेवायचे स्टँड आहेत, प्रत्येक खाचेला नंबर. आत जाताना सदस्य आपली सिगार आपल्या नंबरवर ठेवून जायचे आणि आत भाषण रंगलं की ती बाहेर जळून राख व्हायची, म्हणजे माणसं ऐकत बसायची हो!

आतलं दालन दाखवतात ते जुन्या वरच्या सभागृहाचं. खरं कामकाज चालतं ते दुसऱ्या बाजूच्या तशाच दालनात, आणि तिथे २०१० नंतर काय झालं यावर ऑडिओ गाईडमध्ये अवाक्षर नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

ते कळलं दुसऱ्या दिवशीच्या लोकल गाईडकडून. २०१० ला पंतप्रधान झालेले व्हिक्टर ऑर्बान, त्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला साधारण ५३ टक्के मतं पडली पण जागा दोन तृतीयांश मिळाल्या, आणि तेवढ्या असल्या की तिकडे राज्यघटना बदलता येते. मार्च २०११ मध्ये नवीन घटनेचा मसुदा मांडला, एप्रिलमध्ये मंजूरसुद्धा, २६२ विरुद्ध ४४. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून एकदम ६२, म्हणजे अनुभवी लोक घरी आणि त्यांच्या खुर्च्या मोकळ्या. युरोपियन कोर्टाने नंतर ते बेकायदा ठरवलं पण तोवर बऱ्याच जागा भरूनही झाल्या होत्या. पार्लमेंटच्या जागा ३८६ च्या १९९ केल्या, मतदारसंघ नव्याने आखले आणि २०१४ ला ४५ टक्क्यांच्या आसपास मतांवर १३३ जागा, परत दोन तृतीयांश. रणगाडा कुठेच नाही, सगळं बहुमताने, हात वर करून, म्हणून तर लोकांच्या लवकर लक्षातच आलं नाही असं तो म्हणाला.

मग त्याने पार्लमेंटजवळच्या एका छोट्या चौकात नेलं. तिथे इम्रे नॉज यांचा पुतळा होता, एका छोट्या पुलावर उभा, पार्लमेंटकडे बघत. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६ च्या उठावातले पंतप्रधान, पुढे फाशी दिलं त्यांना. १९८९ ला त्यांचा सन्मानाने पुन्हा दफनविधी झाला तेव्हा २६ वर्षांच्या ऑर्बान यांनी हिरोज स्क्वेअरवर रशियन सैन्याने परत जावं, मोकळ्या निवडणुका व्हाव्यात म्हणून भाषण केलं आणि देशभर नाव झालं. आणि त्यांच्याच सरकारच्या काळात डिसेंबर २०१८ मध्ये तो पुतळा तिथून उचलला. गाईडने मोबाईलवर जुना फोटो काढून त्याच जागेसमोर धरला, मला बोलायलाच सुचेना.

टूरला ३, पायी फिरण्याला ५ पैकी ५. जमलं तर दोन्ही लागोपाठच्या दिवशी करा, आधी पार्लमेंट. आणि पुतळा आता मार्गिट पुलाजवळ यासाई मारी चौकात आहे, ट्रामने जाता येतं, तिथेही जाऊन या.