40×30×20 ची सीटखालची बॅग: चेन तुटेपर्यंतचा अनुभव

विमानात सीटखाली ठेवायच्या या 40×30×20 सेंटिमीटरच्या बॅगेच्या मुख्य कप्प्याची चेन गेली आणि विक्रेत्याशी वाद झाला, म्हणून सविस्तर लिहितोय. रंग, किंमत, कापड सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. मी जर्मनीत कोलोनला असतो. शुक्रवारी निघून रविवारी रात्री परत, अशा युरोपातल्या छोट्या सहलींसाठीच ही घेतली. वर ठेवायच्या बॅगेचे पैसे कधीकधी तिकिटापेक्षा जास्त पडतात. दोघांचं जाऊन-येऊन धरलं तर तेवढ्यात हॉटेलची एक रात्र निघते. ते पैसे मी भरणार नाही.

माझी मुख्य तक्रार जाडीबद्दल आहे. स्वस्त विमान कंपन्यांपैकी विझ एअरमध्ये 40×30×20 फुकट चालते, रायनएअरनेही 2025 मध्ये 40×20×25 वरून तेच माप केलं, ईझीजेटचं 45×36×20 आहे. उंची-रुंदी बदलते, जाडी मात्र तिन्हीकडे 20. आणि या बॅगेचे 20 सेंटिमीटर ती रिकामी असतानाचे आहेत! पुढच्या कप्प्यात छत्री आणि चार्जर टाकला की तो बाहेर फुगतो. घरी टेप लावून मोजलं, 23 भरलं. तोच कप्पा आतल्या बाजूला शिवला असता तर काही बिघडत नव्हतं. गेटवर मापाच्या चौकटीसमोर उभं राहून छत्री काढून कोटाच्या खिशात कोंबावी लागते, याचा मला दर वेळी संताप येतो. भारतीय पासपोर्टवर काही स्वस्त कंपन्यांकडे आधी काउंटरवर कागदपत्रं दाखवून शिक्का घ्यावा लागतो, म्हणून पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड पटकन हाताशी हवं. ते मी पाठीकडच्या चपट्या कप्प्यात ठेवतो. तो कप्पा उत्तम आहे.

सुरुवातीला बॅगेचा ढिलेपणाही खटकायचा. आत फ्रेम नाही, अर्धी भरली की लोळते. आता मत पूर्ण बदललंय. कडक पाठीची बॅग चौकटीत अडकली की अडकली, ही दाबली की बसते. पोर्तुगालमध्ये पोर्तोला तर हिच्यावर जीव जडला. विमानतळावरून मेट्रोची ई लाइन साधारण अर्ध्या तासात शहरातल्या त्रिंदादे स्टेशनला सोडते, हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळत नाही. तोवर सांव बेंतू स्टेशनातल्या निळ्या टाइल्स बघितल्या, 1886 च्या दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून नदीपलीकडे गायाला गेलो, मग रिबेइरा या नदीकाठच्या जुन्या वस्तीचा दगडी उतार उतरलो. चाकांची बॅग त्या दगडांवरून ओढणाऱ्यांचे हाल बघवत नव्हते. लॉकरचेही पैसे वाचले.

इटलीत बेर्गामोलाही हाच फायदा. तिकिटावर मिलान असतं, म्हणून बहुतेक जण उतरून थेट 50 किलोमीटरवरच्या मिलानची बस धरतात. बेर्गामो शहर विमानतळापासून जेमतेम 5 किलोमीटरवर आहे. फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, वरच्या जुन्या शहरात जा, व्हेनिसच्या राजवटीत बांधलेल्या तटावरून फिरा. 2017 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. दोन दिवसांसाठी मिलानच्या खोलीभाड्यात पडूच नका.

24 लिटरमध्ये दोघांचे कपडे मावत नाहीत, एकाचे तीन दिवसांचे आरामात मावतात. खाऊ नेणार असाल तर शेंगदाण्याची कोरडी चटणी चालते. तूप आणि लोणचं मात्र द्रवात धरतात, त्यामुळे बहुतेक विमानतळांवर 100 मिलिलिटरची मर्यादा लागते.

आता चेन. विक्रेत्याचं पहिलं उत्तर, ‘चेन झिजते, ती वॉरंटीत येत नाही.’ हे अजिबात ऐकून घेऊ नका. कंपनीची वॉरंटी वेगळी. जर्मनीत नव्या वस्तूच्या दोषाला विक्रेता कायद्याने 2 वर्षं जबाबदार असतो, आणि 2022 पासून पहिल्या वर्षभरात दोष मुळात नव्हता हे त्यानेच सिद्ध करायचं असतं. बिल आणि तुटलेल्या दातांचे फोटो जोडून एवढंच लिहिलं. आठवड्याभरात बदली बॅग आली.

चेन या वेळी जाड आहे. पुढचा कप्पा तसाच. मी तो रिकामा ठेवतो, आणि पाचपैकी साडेतीन देतो.