पणजीतील कॅड वापरकर्त्यांची परिषद : दुसऱ्या दिवसासाठी जावे

फोंड्यात माझे स्थापत्य सल्लागाराचे लहानसे कार्यालय आहे. तीन संगणक, दोन ड्राफ्ट्समन आणि वर्षाकाठी नूतनीकरणाची आठवण करून देणारे ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरचे परवाने, एवढाच त्याचा पसारा. पणजीतील एका हॉटेलात कॅड (संगणकावरील आरेखन) वापरकर्त्यांची दोन दिवसांची परिषद भरणार असल्याचे समजले, तेव्हा दोघांचे मिळून सात हजार रुपये शुल्क भरावे की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. अखेर कार्यालयातील ज्येष्ठ ड्राफ्ट्समनना सोबत घेऊन गेलो. शुल्क वसूल झाले, पण ते जवळजवळ सगळे दुसऱ्या दिवशी.

पहिला दिवस विक्रेत्यांचा होता. परवान्यांच्या नव्या योजना, मेघावर फाइली ठेवण्याचे लाभ आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आरेखन कसे आपोआप होईल याची स्वप्ने, यांत सकाळ गेली. माझ्या शेजारी बसलेल्या एका वास्तुविशारद बाईंनी वापरात असलेल्या जुन्या कायमस्वरूपी परवान्याचे पुढे काय होणार, असा साधा प्रश्न विचारला. त्यावर मंचावरून मिळालेले उत्तर नम्र होते, लांब होते आणि त्यात उत्तर नव्हते. सभागृहाबद्दलही एक तक्रार नोंदवायला हवी. कॅडच्या काळ्या पार्श्वभूमीवरील बारीक करड्या रेषा मंद प्रोजेक्टरवर चौथ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत, ही गोष्ट कॅडची परिषद भरवणाऱ्यांनाच ठाऊक नसावी, याचे नवल वाटले. पार्श्वभूमी पांढरी करायला अर्धे मिनिट लागते.

दुसऱ्या दिवशी मंचावर वापरकर्ते आले आणि परिषदेचा नूरच पालटला. सर्वांत उपयुक्त सत्र सर्वेक्षणाच्या नकाशांवर होते, आणि माझ्या मते गोव्यातील प्रत्येक लहान कार्यालयाने ते ऐकायला हवे होते. आपल्याकडे सर्वेक्षक जागेचा नकाशा देतात तो बहुधा यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या, मीटरमध्ये मोजलेल्या निर्देशांकांत असतो. गोवा या पद्धतीच्या त्रेचाळिसाव्या उत्तर विभागात येतो आणि येथील उत्तर-निर्देशांक, म्हणजे विषुववृत्तापासूनचे अंतर, सतरा लाख मीटरांच्या आसपास असतो. आपण इमारत मिलिमीटरमध्ये काढतो. म्हणून बरेच ड्राफ्ट्समन सर्वेक्षणाचा नकाशा हजारपट करून त्याच फाइलमध्ये इमारत काढायला घेतात, आणि निर्देशांक एकशे सत्तर कोटींवर पोहोचतो. फाइलमध्ये हे आकडे पंधरा-सोळा अंकांपर्यंत अचूक साठवलेले असतात, त्यामुळे मोजमाप बिघडत नाही. मात्र पडद्यावर रेखाटताना वापरली जाणारी एकेरी अचूकता सुमारे सात अंकांचीच असते, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला ती लावली तर लगतच्या दोन बिंदूंमधले अंतर शंभर मिलिमीटरांहूनही अधिक पडते. वर्तुळ खडबडीत दिसणे, हॅच (आकृतीतील रेघांची भरण) न भरणे, कर्सर रेषेवर नीट न बसणे, हे सारे विकार त्यातून उद्भवतात. आम्ही इतकी वर्षे यासाठी ग्राफिक्स कार्डाला दोष देत होतो. ज्येष्ठ ड्राफ्ट्समन माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘‘सर, आपण ते नवं कार्ड उगाच घेतलं.’’

उपायही वक्त्यांनी तेथेच करून दाखवला. सर्वेक्षणाची फाइल तिच्या मूळ निर्देशांकांत, मीटरमध्ये, हात न लावता ठेवायची. इमारत वेगळ्या फाइलमध्ये शून्यबिंदूजवळ काढायची. आणि सर्वेक्षण एक्सरेफ (बाहेरच्या फाइलचा दुवा) म्हणून जोडून एका निश्चित दगडाशी किंवा हद्दीच्या कोपऱ्याशी जुळवून घ्यायचे. त्या बिंदूचे खरे निर्देशांक नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते. दोन्ही फाइलींतील एककांची नोंद आधी तपासावी, हे त्यांनी तीनदा बजावले, कारण ती नोंद चुकीची असेल तर जोडलेला भूखंड इमारतीच्या तुलनेत टिकलीएवढा दिसतो.

विनाकारण फुगलेल्या फाइलींवरचे सत्रही तितकेच रोखठोक होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या डीजीएन स्वरूपातील रेषाशैलींचा कचरा पर्ज या साफसफाईच्या आज्ञेच्या नेहमीच्या खिडकीतून जातोच असे नाही. कमांडच्या ओळीवर आधी वजाचिन्ह देऊन पर्ज लिहिले, की अनाथ (कशालाच न जोडलेला) डेटा काढण्याचा पर्याय मिळतो. या एका ओळीसाठी मी जेवणाच्या सुट्टीत वक्त्यांना पुन्हा गाठले. (जेवण ठीक होते, माशांच्या आमटीपुढे सोलकढीच अधिक लक्षात राहिली.)

वास्कोकडील जहाजबांधणीत काम करणाऱ्या एका अभियंत्याने बार्जच्या वक्र पत्र्यांचे सपाट आरेखन कसे काढतात हे सांगितले. माझ्या व्यवसायात त्याचा उपयोग शून्य, तरी मी जागचा हललो नाही. दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही हे समजावण्यासाठी त्यांनी नारळाची करवंटी आणली होती. ती दाबली, तर तडकली. मुद्दा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला, प्रोजेक्टरची गरज पडली नाही. त्या मानाने जुन्या पोर्तुगीजकालीन घरांच्या लेझर स्कॅनिंगचे सत्र घाईत उरकले गेले. चिऱ्याच्या भिंती काटकोनात नसतात, काच आणि आरसे खोटे बिंदू निर्माण करतात, इतके कळले; बिंदूंच्या त्या ढगातून प्रत्यक्ष भिंत कशी काढायची, हे वेळेअभावी राहून गेले.

ऑटोलिस्पच्या सत्राला वेगळी दाद द्यायला हवी. ऑटोकॅडची कामे आपोआप करून घेणारे प्रोग्रॅम लिहिण्याची ही भाषा त्यात 1986 पासून आहे, आणि तरी आमच्यासारख्या कार्यालयांत तिच्या वाटेला कोणी जात नाही. त्याचे एक कारण असे, की ऑटोकॅडच्या स्वस्त एलटी आवृत्तीत ती चालतच नसे. एलटी 2024 पासून ती चालू लागली, हे सभागृहातील निम्म्या लोकांना प्रथमच कळले असावे, इतकी कुजबुज झाली. तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या वक्त्यांनी स्तंभांना क्रमांक देणारा वीसेक ओळींचा प्रोग्रॅम सर्वांसमोर लिहिला, एकदा चुकवला आणि चूक शोधूनही दाखवली. हाताने करून पाहण्याच्या या सत्राला मात्र पंचवीस जणांमागे चार विजेचे सॉकेट होते. प्रश्नोत्तरांत मी आमच्या भागातील देवस्थानांच्या नकाशांवर मराठी मजकूर लिहिताना येणारी अडचण मांडली. एसएचएक्स या ऑटोकॅडच्या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा नाद सोडून युनिकोड ट्रूटाइप फॉन्ट वापरावा आणि ग्राहकाला पीडीएफही द्यावी, असे थेट उत्तर मिळाले.

एकाच दिवसाचे शुल्क भरण्याची सोय नव्हती. ती असती तर मी दुसरा दिवसच निवडला असता, आणि फोंड्याहून कदंबाच्या बसने ये-जा करणाऱ्यांना तेच परवडेल. सर्व सत्रांची सादरीकरणे ईमेलने पाठवू, असे आयोजकांनी सांगितले होते. तीन आठवडे झाले, अद्याप आलेली नाहीत. ऑटोलिस्पची फाइल तेवढी वक्त्यांनी त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर दिली, आणि आमच्या स्तंभांचे क्रमांक आता तीच घालते.