४८६, पेन्टियम थ्री की पेन्टियम फोर? कबाडीतून कोणता बोर्ड उचलावा

वाशीम घ्या, वणी घ्या, हिंगणघाट घ्या. कबाडीवाल्याच्या टिनाच्या शेडमध्ये जुने मदरबोर्ड निघतातच. "चालू हाय का बंद, मले नाही मालूम भाऊ, किलोनं घेऊन जा," हे उत्तरही ठरलेलं. जुन्या खेळांसाठी किंवा नुसत्या हौसेपोटी त्या काळचा पीसी उभा करायचा असेल, तर माझं मत आधीच सांगतो: बोर्डाचं वय पाहू नका, त्याचा आजार पाहा. फुगलेला कंडेन्सर बदलता येतो. बॅटरी गळून कुरतडलेला बोर्ड पहिल्याच खेपेला घेऊ नये.

हा दुसरा आजार ४८६चा. इंटेलचा ४८६ आला १९८९ मध्ये, आणि त्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी थेट डाखलेली असते. ती गळते. बहुतेकदा ती कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळच असते, त्यामुळे पहिला बळी कीबोर्डच्या चिपचा आणि तिच्याकडे जाणाऱ्या बारीक रेषांचा. वरून हिरवट-निळी बुरशी दिसते तेवढंच नुकसान समजू नका. ते पाणी हिरव्या रंगाच्या खालून सरकत जातं आणि तांबं काळं पडतं. गळणारं पाणी अल्कलीचं, म्हणून आधी बॅटरी कापून काढा, पांढऱ्या व्हिनेगरनं तो भाग पुसा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यानंतर मल्टिमीटर घेऊन एकेक रेष तपासत बसायचं आणि तुटली तिथं बारीक तार टाकायची. शिवाय एटी या जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय शोधायचा, तोही दोन वेगळ्या प्लगांचा. काळ्या वायरी मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत, उलटं लावलं तर बोर्ड गेलाच. डॉसचे खेळ खऱ्या वेगानं खेळायची ओढ असेल तर ४८६ला तोड नाही, हेही खरंच. पण सिरॅमिक प्रोसेसरमधल्या सोन्यापायी कबाडीवाले आता शहाणे झालेत. चांगला नग हाती लागेलच असं नाही, आणि प्रोसेसर तर आधीच उपटलेला असतो.

पेन्टियम थ्रीचा बोर्ड मिळाला, विशेषतः ४४० बीएक्स चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य चिपांचा संच), तर फार विचार करू नका. १९९८चा हा चिपसेट. आयएसए (कार्ड बसवायचा सगळ्यात जुना), पीसीआय (त्यानंतरचा) आणि एजीपी (खास ग्राफिक्स कार्डाचा) असे तिन्ही स्लॉट एकाच बोर्डवर, म्हणजे डॉससाठी आयएसए साउंड कार्डही चालतं आणि विंडोज ९८साठी ग्राफिक्स कार्डही. बॅटरी साधी नाण्याची, सीआर २०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. एटीनंतर आलेला साधा एटीएक्स सप्लाय चालतो. ८०० मेगाहर्ट्झचा कॉपरमाइन (पेन्टियम थ्रीचाच एक प्रकार) प्रोसेसर २० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी त्याला विशेष काही वाटत नाही. मेख फक्त रॅममध्ये. २५६ एमबीच्या कांडीवर एकूण १६ चिप असतील तर ती पूर्ण दिसते. आठच चिप असतील तर हा चिपसेट तिला निम्मीच ओळखतो, नाहीतर ओळखतच नाही. कांडी खराब म्हणून फेकून देण्याआधी चिप मोजा. नंतर आलेल्या ८१५ चिपसेटचे बोर्डही चांगले, पण त्यांची मर्यादा ५१२ एमबीची आणि बहुतेकांवर आयएसए स्लॉट नाही.

अडचण एकच, हे बोर्ड आता कमी दिसतात. ढिगानं मिळतो तो पेन्टियम फोर. २००१ पासून एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्यातालुक्यात उघडली. शाळा, पतसंस्था, जिनिंगची ऑफिसं, सगळीकडे पुढं हेच मशीन बसलं आणि आता तेच भंगारात निघतंय. जिनिंगमधला बोर्ड ओळखू येतो: पंखा उचलला की हीटसिंकच्या पात्यांत रुईचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. स्लॉटमध्ये कुंभारीण माशीचं मातीचं घर असेल तर लाकडी काडीनं अलगद फोडा. ओलं करू नका, चिखल पिनांत शिरतो.

यातला ८६५ चिपसेटचा घ्या. २००३चा आहे, हार्ड डिस्कसाठी साटा पोर्ट आहेत, विंडोज ९८ आणि एक्सपी दोन्ही बसतात. प्रोसेसर मात्र पेन्टियम फोरच्या आधीच्या पिढीतला नॉर्थवुड हवा. नंतरचा प्रेस्कॉट शंभर वॅटच्या घरात जातो, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला थंड ठेवता ठेवता तुमचाच घाम निघेल. कूलरसमोर ठेवायचा विचार मनातही आणू नका, ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डवर लेप चढतो. वूडू थ्रीसारखं ३.३ व्होल्टचं जुनं एजीपी कार्ड या बोर्डाला चालत नाही. आयएसए नसल्यानं डॉसमध्ये आवाजाची रड कायम.

या काळच्या बोर्डांचा आजार म्हणजे कंडेन्सर. १९९९ नंतरची काही वर्षं सदोष इलेक्ट्रोलाइटचे कंडेन्सर बाजारात आले होते. प्रोसेसरभोवतीच्या डब्यांची टोपी फुगलेली किंवा तपकिरी झालेली दिसली तर भाव पाडा, पण बोर्ड सोडू नका. बदलताना लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेले), १०५ अंशांचे घ्या. मोटारपंपाच्या स्टार्टरचं किंवा टीव्हीचं काम करणाऱ्याकडे असतात ते साधे, इथं टिकत नाहीत. नागपूरला सीताबर्डीत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं ग्राउंडच्या पिनेवरचा डाख वितळत नाही, साठचं लागतं. जुना काढण्याआधी मायनस कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो काढून ठेवा.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या त्याच काळातल्या सॉकेट ए बोर्डांबद्दल थोडक्यात: प्रोसेसरचा उघडा गाभा पंखा बसवतानाच टवका उडून जातो, आणि कित्येक बोर्ड ५ व्होल्टच्या लाइनवर इतका भार टाकतात की आजचे सप्लाय गुडघे टेकतात. दुसरा-तिसरा प्रयोग म्हणून ठीक.

कबाडीवाल्याकडे जाताना खिशात मल्टिमीटर ठेवा. पॉवरच्या प्लगवर लाल आणि काळ्याच्या जागी कंटिन्यूटी लावायची. सलग बीप वाजत राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, तो बोर्ड परत ढिगात. घरी पहिल्यांदा चालू करताना हार्ड डिस्क जोडूच नका. एक रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि बिघाड कुठं आहे त्याचे आकडे दाखवणारं पीसीआय डायग्नोस्टिक कार्ड एवढं पुरे.

आणि अर्थिंग. गावात ते बहुतेक घरांत नुसतं नावाला असतं. अर्थिंग नसलं की सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट तरंगतात, हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. अशा अवस्थेत मॉनिटरची केबल खुपसली तर ठिणगी थेट पोर्टातून चिपमध्ये जाते. आधी मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या, नाहीतर निदान प्रत्येक केबल दोन्हीकडचे प्लग भिंतीतून काढूनच जोडा.