खून रेल्वेच्या डब्यात, कपडे जळगावचे

डब्यात खून, आणि संशयित सगळे त्याच डब्यातले. असं नाटक बसवत असाल तर जळगावातल्या या कपडेपटाच्या दुकानात पात्रं पक्की करायच्या आधीच जा. मालक मापं घेण्याआधी विचारतात, "कोण कुठल्या बर्थवर?"

प्रश्न अगदी नेमका आहे. स्लीपरच्या एका कप्प्यात आठ बर्थ असतात, समोरासमोर सहा आणि बाजूला दोन. आठ संशयित इथेच बसले, आणि नट कोण हवा तेही बर्थच सांगतो. साइड अपरवाला सडपातळ घ्या, त्याला अंधारात आवाज न करता खाली उतरायचं असतं. म्हातारं पात्र लोअरला. मिडल बर्थ उघडायची वेळ रात्री दहाची, त्याआधी उघडला तर तोच धागा ठरतो. सगळ्यात अवघड काम प्रेताचं. पोट न हलवता वरवर श्वास घेता येणाराच निवडा, तोंड भिंतीकडे करा आणि अंगावर जाड सोलापुरी चादर टाका.

प्रवाशांचे कपडे इथे फारच छान मिळतात. सावद्याचा टोपीवाला केळी व्यापारी, लुगड्यातली अहिराणी बोलणारी आजी, दोघंही शेवटच्या रांगेतून नुसत्या आकारावरून ओळखू येतात. आठही जण शर्ट-पँटमध्ये आले तर कोण कुठे होतं हे मध्यंतरापर्यंत कुणालाच कळत नाही. खुन्याला मात्र डोळ्यात भरेल असं काही घेऊ नका, मालकांनी कितीही आग्रह केला तरी.

गणवेशात दुकान कमी पडतं. टीसीचा काळा कोट मिळतो, छातीवरचा नावाचा बिल्ला नाही. पोलिसाच्या खांद्यावर सरसकट तीन तारे. उपनिरीक्षकाला दोनच लागतात, तेव्हा एक काढून घ्या. भुसावळच्या प्रयोगाला समोर रेल्वेचीच माणसं बसलेली असतात, त्यांच्या नजरेतून हे सुटत नाही.

मृताचे सदरे एकसारखे दोन लागतात, एक कोरा आणि एक रक्ताचा. खायचा लाल रंग सुती कापडातून पुरता निघत नाही आणि डागासाठी डिपॉझिट कापलं जातं. म्हणून रक्ताचा सदरा बाजारातून विकतच घ्या आणि त्याच्या जोडीचा दुकानातून निवडा. प्रयोग मे महिन्यात असेल तर टीसीचा कोट बिनअस्तराचा मागा. अस्तराच्या कोटात दुसऱ्या प्रवेशापर्यंत मेकअप गळ्यावर उतरतो, आणि पांढऱ्या कॉलरवर तो लांबूनही दिसतो.