‘प्रायमर’ : आधी पेटीचा नियम समजून घ्या

शेन करूथचा ‘प्रायमर’ (२००४) अवघ्या ७७ मिनिटांचा आहे, पण पहिल्यांदा पाहताना अनेक प्रेक्षक शेवटच्या वीस मिनिटांत हरवतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. काळप्रवासाचा इतका काटेकोर नियम फार थोड्या सिनेमांत आहे, आणि इथे तो समजावून सांगायला कुणी थांबत नाही.

नियम असा. काळात मागे नेणारी पेटी सकाळी पावणेनऊला सुरू झाली असं समजा. तुम्ही दिवसभर हॉटेलच्या खोलीत कोंडून घ्यायचं, कुणाला भेटायचं नाही, कोणता शेअर चढला तेवढं पाहून ठेवायचं. दुपारी पावणेतीनला पेटी बंद होत असताना आत शिरायचं, प्राणवायूची नळकांडी सोबत घेऊन. बाहेर सहा तास गेले, म्हणून आतही सहा तास पडून राहायचं. बाहेर पडाल तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजलेले असतील. तिथून दुपारपर्यंत तुम्ही दोन आहात : एक हॉटेलात, एक शेअर बाजारात.

यातून दोन गोष्टी ठरतात. पेटी सुरू झाली त्या क्षणाच्या मागे जाता येत नाही. आणि बटण दाबणाऱ्याची बाहेर येणाऱ्याशी गाठ पडू नये, म्हणून पेटीला टायमर लावलेला आहे : बटण दाबल्यावर ती पंधरा मिनिटांनी सुरू होते. टायमरचा उल्लेख ओझरता येतो. तो निसटला की पुढचं काही जुळत नाही.

बिघडतं ते माणसांमुळे. पेटी बनवणाऱ्या एब आणि आरन या दोन मित्रांपैकी आरन मोबाइल पेटीतून मागे नेतो. आता एकाच नंबरचे दोन फोन चालू आहेत, मग कॉल आला तर वाजेल कोणता? एवढ्याशा प्रश्नातून भीती उभी करणं हे करूथचं खरं कसब. पुढे कानातून रक्त येतं, अक्षर बिघडतं, आणि कारण कुणालाच कळत नाही. एबने गुपचूप चालू ठेवलेली जादा पेटी समोर आली की तोवर पाहिलेल्या प्रत्येक प्रसंगाबद्दल शंका येते : हा आरन पहिलाच की परत आलेला?

करूथ मूळचा गणिताचा विद्यार्थी आणि इंजिनिअर. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत, आरनची भूमिका, सगळं त्याचंच. सुमारे ७,००० डॉलरमध्ये, डॅलसच्या परिसरात, सुपर १६ फिल्मवर काम झालं आणि सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. गॅरेजमधली पहिली वीस मिनिटं तर अप्रतिम आहेत. गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धूर साफ करणाऱ्या भागातून) पॅलेडियम हा धातू काढणं, पैशांवरून धुसफूस, एकमेकांचं बोलणं तोडणं. यंत्र बनवणारी माणसं खरंच अशी बोलतात.

तक्रारी आहेत. संवाद एकमेकांवर चढतात, त्यामुळे सबटायटल्स लावूनच पाहा. बायकांच्या पात्रांना जवळपास कामच नाही. एबच्या मैत्रिणीचे वडील ग्रेंजर कुठून, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून पेटीतून परत आले याचं उत्तर सिनेमात नाही. ते शोधत बसू नका. नेटवरचे घटनाक्रम मांडणारे तक्तेही या जागी अंदाजच बांधतात. मला ही पोकळी पटते, कारण एब आणि आरनलाही ते कळत नाही. पार्टीत एकजण बंदूक घेऊन येतो तो प्रसंग मात्र पटत नाही. ज्या घटनेसाठी इतक्या फेऱ्या मारल्या, ती पडद्यावर नीट दिसायलाच हवी होती.

पहिल्यांदा न थांबता पाहा. दुसऱ्यांदा कागद घ्या, प्रत्येक पेटी कधी सुरू झाली आणि आत कोण गेलं एवढंच लिहा, आणि बाकावरच्या प्रसंगात आरनच्या कानातल्या इअरपीसवर नजर ठेवा. तो काय ऐकतोय हे कळलं की निवेदन करणारा आवाज कोणत्या आरनचा, तेही उलगडायला लागतं.